द्वारके, तो कागद मी वाचला होता

द्वारके, तुला वाचता येत नव्हतं, म्हणून उभ्या जन्मात मी तुला कधी दोन ओळी लिहिल्या न्हाईत. गरजबी काय होती? आपण जावा-जावा, तुझ्या-माझ्या घरात मधी एक भिंत. इकडून मी "ए" म्हणलं की तिकडून तुझं "काय बाई?" यायचं. तू गेली त्याला आज सोळा दिवस झाले. एवढ्यात मी दोनदा "ए" म्हणून वाट बघत बसले. एकदा तर लसूण पाहिजे होता. मंग आठवलं. बिनलसणाचीच फोडणी दिली.

तू कुठली, कुणाची, तुला लेकरं किती, हे मी सांगत बसणार न्हाई. ते पुढाऱ्यांनी तुझ्या तेरवीला माईकवर सांगितलं आणि निम्मं चुकीचं सांगितलं. तुझं माहेर खाली शहागडच्या बाजूला, गोदावरीच्या काठी, तर त्यांनी भोकरदनकडचं करून टाकलं. तू असती तर तिथंच उठून म्हणली असती, "आता मेल्यावर माहेर बी बदलता का?" मला तुझ्याशी एका कागदाचं बोलायचंय. तीन वर्षं आपण दोघी त्या कागदाच्या कडंकडंनं चाललो. दोनदा मी त्याच्यावर बोलायला गेले, दोन्ही खेपेला तू मला गप बसवलं, आणि मीबी बसले.

हे उद्या कुणी दुसऱ्यानं वाचलं तर त्याला कळावं म्हणून जरा मागून सांगते. तुला सगळं ठाऊक आहे, तरी ऐक.

आपली वस्ती चाळीस घरांची. जाफराबादला जायचं तर आधी वढा ओलांडून मोठ्या गावाला चालत जायचं, तिथून जीप धरायची. वस्तीवर सरकारच्या दोनच गोष्टी होत्या, एक हापसा आणि एक शाळा. शाळा म्हणजे दोन खोल्या, पहिली ते चौथी. मी तिथं खिचडी शिजवायची. माझी चूल वर्गाच्या खिडकीखाली. आत पोरं पाटीवर गिरवायची आणि बाहेर मी राखेत काडीनं गिरवायची. चाळिशी उलटल्यावर मला अक्षरं आली ती अशी. तू पाणी घेऊन जाता जाता थांबायची आणि म्हणायची, "बाई, खिचडी लागली बुडाला. तुमचं क ख ग झालं असंल तर हलवा जरा."

पण वस्तीभर मिरवलंबी तूच. "आमच्या बाई लग्नपत्रिका वाचतात, एसटीचा बोर्ड वाचतात, औषधाच्या बाटलीवरचं बारीक बी वाचतात." मंग लोक यायला लागले. कुणाचा बँकेचा कागद, कुणाच्या पोरीच्या सासरची चिठ्ठी. मी चष्मा लावून बसायची आणि तू बाजूला बसून माझ्या तोंडाकडं बघायची, जसं काही मी गाणं म्हणतेय. खरं सांगू का द्वारके, त्यातलं बरंच मला कळायचं न्हाई. अक्षरं वाचता यायची, पण सरकारी मराठी म्हणजे वेगळाच मुलूख. "उपरोक्त", "सदर", "अन्वये". मी अडले की पुढचं वाक्य जल्दी वाचायची. तू कधी ओळखलं न्हाई. का ओळखलं होतं?

शाळेला दर साली वरून पैसे यायचे. पोरं जितकी, त्या मानानं पैसे. आपली पोरं थोडी, म्हणून पैसेबी थोडे. आणि यायचे तेबी मार्च सरता सरता, आणि मार्चच्या आतच खर्चायचे, न्हाई तर परत जायचे. मंग सरांची नुसती पळापळ. खडू आण, चटई आण, झाडू आण. पावसाळ्यात गळलेला पत्रा आपल्या शाळेत उन्हाळ्यात बदलायचा. वरून एक मोठा टीव्ही आल्ता, पोरांना शिकवायला. पण बिल भरायला पैसे न्हाईत म्हणून लाइट तोडलेली, तर तो टीव्ही वर्गात खुर्चीवर नुसता बसून असायचा. तू सरांना म्हणली होती, "सर, त्याला हजेरीत घ्या की. रोज येतो, गडबड करत न्हाई, पट वाढंल."

सर हसता हसता थांबले होते. पट, म्हणजे शाळेतल्या पोरांचा आकडा, हाच त्यांच्या जिवाला घोर होता. ज्याच्या हातात जरा पैसा आला त्यानं पोरगं भोकरदनच्या इंग्रजी शाळेत घातलं. पिवळी गाडी वढ्याच्या पलीकडं येऊन थांबायची. आपला पट अठरावर आला. दुसऱ्या सरांची बदली झाली, त्यांच्या जागी कुणी आलं न्हाई. वीसच्या खाली पट गेलेल्या शाळा मोठ्या शाळेत मिसळणार, असं सगळीकडं बोलणं चाललं होतं.

त्याच साली तुला शाळेच्या समितीची अध्यक्ष केलं. तू किती नाचवलं सरांना!

"सर, मला सही येत न्हाई."

"आजी, अध्यक्ष पालकच लागतो. आणि आरतीच्या पालक तुम्हीच."

ते बराबर होतं. तुझा लेक आणि सून संभाजीनगरला कंपनीत, एका खोलीत राहायचे, आणि नात तुझ्यापाशी. ती तेव्हा तिसरीत होती.

"आणि मला कुणी काही विचारलं तर?"

"कोण विचारतंय?"

"मंग कशाला पाहिजे अध्यक्ष?"

मंग मी तुला दोन महिने सही शिकवली. तुझा 'द्व' काही केल्या जमंना. "बाई, हे अक्षर कुणी बसवलं, बसवणाऱ्याला दुसरं काम न्हवतं का?" पण आली तुला सही. मोठी, ओळीच्या बाहेर जाणारी. पहिल्या बैठकीला तू इस्त्रीचं लुगडं नेसून गेली आणि सही करताना जीभ बाहेर काढली होती, पोरं काढतात तशी.

अध्यक्ष झाल्यावर तू पहिलं काम केलं ते मेंढरंवाल्यांच्या वस्तीचं. टेकाडावरची नऊ पोरं कुठल्याच शाळेत जात नव्हती. एवढ्या लांबून बारक्यांना एकटं कोण पाठवणार? तू म्हणली, त्यांना आणायला सरकारनं गाडीचे पैसे द्यावेत. नऊ पोरं आली की पट सत्तावीस, मंग शाळेला कुणी हात लावत न्हाई. सर म्हणाले, अर्ज करू. अर्ज माझ्या हातानं लिहिला. सरांनी चार ठिकाणी सुधारला, पण अक्षर माझंच. तू खाली सही ठोकली. आपण दोघींनी मिळून केलेलं ते पहिलं सरकारी काम. त्या दिवशी आपण किती मोठ्या झाल्तो!

आणि मंग तो दिवस आला.

सर जाफराबादला प्रशिक्षणाला गेल्ते. दुपारचं जेवण झालं होतं, मी पातेली घासत होते. मोटारसायकलवर वरचे साहेब आले. घाईत होते. अजून तीन शाळा करायच्या होत्या त्यांना. माणूस वाईट नव्हता, मी आजबी म्हणत न्हाई. त्यांनी खुर्चीसुद्धा मागितली न्हाई, उभ्या उभ्या पाणी प्याले आणि म्हणाले, "अध्यक्ष कोण? तुमचा गाडीचा अर्ज होता ना? पोरांना जाण्या-येण्याचे पैसे मंजूर होतील. समितीची हरकत न्हाई म्हणून सही पाहिजे."

तू माझ्याकडं बघितलं. "बाई, तुम्ही वाचा. मंग मी सही करते."

हात पुसून मी कागद घेतला. द्वारके, तो कागद मला आजबी डोळे मिटून दिसतो. वर मोठ्या गावच्या शाळेचं नाव होतं. मी म्हणलं, ती केंद्राची शाळा, आपले सगळे कागद तिच्याच नावानं येतात. खाली लिहिलं होतं की सदर वस्तीतल्या विद्यार्थ्यांना शाळेत ये-जा करण्यासाठी वाहतूक भत्ता द्यावा, समितीची हरकत न्हाई. हेच तर आपण मागितलं होतं. मागच्या बाजूला पोरांची यादी. टेकाडावरची नऊ नावं होती. आणि त्यांच्या वर आपल्या वस्तीवरच्या अठराबी पोरांची नावं होती.

इथं मी अडले.

मला वाटलं, आपल्या पोरांची नावं यात कशाला? त्यांची घरं शाळेपासून हाकेवर. आरतीला तर तू दारातून ओरडून बोलवायची. तिला गाडीचे पैसे कशाचे? हे माझ्या मनात आलं, द्वारके. साफ आलं. मी तोंड उघडलं होतं. तेवढ्यात ते साहेब म्हणाले, "वा मावशी! एवढं सगळं वाचता तुम्ही? कितवी झाली?"

मी म्हणलं, "एकबी न्हाई साहेब. चुलीपाशी शिकले."

"कमाल आहे बुवा! आमच्याकडच्या काही लोकांना एवढं येत न्हाई."

आणि मंग मला विचारता आलं न्हाई. आत्ता ज्यानं 'कमाल' म्हणलं त्याला, मला हे कळलं न्हाई, असं कसं म्हणायचं? मी स्वतःच्याच मनाची समजूत घातली. देणाऱ्यानं सढळ हातानं दिलंय, आपल्या पोरांनाबी दिलंय, आपण कशाला मोडता घालायचा? मी कागद तुझ्यापुढं ठेवला आणि म्हणलं, "बराबर हाय. कर सही."

तू जीभ बाहेर काढली आणि सही केली.

दुसऱ्या दिवशी सर आले. मोठ्या गावच्या शाळेतून कागदाची झेरॉक्स आल्ती, ती बघितली आणि खाली पायरीवर बसले. मंग सावकाश सांगितलं. हे पैसे ज्या वस्तीवर शाळाच न्हाई तिथल्या पोरांना देतात, दुसऱ्या शाळेत जायला. आपली अठरा नावं त्यात घातली म्हणजे आपल्या वस्तीवर शाळा न्हाई, आमची पोरं मोठ्या गावी जातील, आणि आमची हरकत न्हाई, असं आपणच लिहून दिलं. टेकाडावरच्या पोरांना आपल्या शाळेत आणायला आपण पैसे मागितले, आणि आपल्याच पोरांना आपल्या शाळेतून न्यायला सही दिली.

"आजी, वाचलं न्हाई का हो?" सर म्हणाले. रागानं न्हाई. रडकुंडीला आल्ते.

तेव्हा मी तिथंच होते. खिचडीचं पातेलं हातात, तुझ्यापासून चार पावलांवर. तू माझ्याकडं बघितलंसुद्धा न्हाई. तू सरळ म्हणली, "न्हाई वाचलं सर. मला कुठं वाचता येतं? घाईत सही केली. माझीच चूक."

मी ते पातेलं खाली ठेवलं आणि पोरांना वाढायला लागले. द्वारके, मी त्या दिवशी बराबर वाढलं. एकाही पोराला कमी-जास्त झालं न्हाई. त्याचीच मला जास्त लाज वाटते.

मंग आपण जाफराबादला गेलो, सही परत घ्यायला. तुला वाटत होतं, सही परत घेता येती. जीपमध्ये तू म्हणत होती, "मी सांगंन, साहेब, खोडा ती, मी दुसरी करून देते." तिथल्या क्लार्कनं फाइल काढून दाखवली. "ठराव तुमच्या समितीचा, सही तुमची. आता वरून झालं." तू म्हणली, "मंग वरच्याला सांगा, खालची म्हणती न्हाई." तो हसला. वाईट न्हाई हसला, दमलेल्या माणसासारखा. त्याच्या टेबलावर आपल्यासारख्या कितीतरी फायली होत्या. तिथं मी म्हणायला पाहिजे होतं की हिनं न्हाई, मी वाचला. म्हणून काही फरक पडला असता का? फायलीला पडला नसता. तुला पडला असता.

जूनमध्ये शाळेला कुलूप लागलं. माझी पातेली, परात आणि तांदळाचं पोतं टेम्पोत घालून मोठ्या गावच्या शाळेत नेलं. तो टीव्हीबी नेला. सरांना लांब कुठंतरी टाकलं. पोरांना न्यायला जीप लागली होती. पण पैसे पोरांच्या खात्यावर साल उलटल्यावर येणार म्हणल्यावर जीपवाला दोन महिन्यांत थांबला. त्याचं काय चुकलं? डिझेल उधार कोण देतंय? मंग पोरं चालत जायला लागली. वढ्याला पाणी आलं की घरी बसायला लागली. टेकाडावरची नऊ तर एकबी दिवस गेली न्हाईत. त्यांची नावं तेवढी एका शाळेच्या पटावर चढली, एवढंच झालं त्यांचं.

आणि वस्तीनं तुला धरलं. मला सगळं ऐकू यायचं, मधी एक भिंतच तर होती. हापशावर त्या सावंताच्या सुनेनं म्हणलं, "सरका गं, अध्यक्षीणबाई आल्या शाळा खाऊन." तू घागर लावत म्हणली, "खाल्ली खरी, पण पोट भरलं न्हाई. तुझ्या घरी काही उरलं असंल तर आण." बाया हसल्या. तूबी हसली. कुणी विचारायचं, किती घेतले साहेबाकडून? तू म्हणायची, "दोन गाड्या भरून. एक तुझ्याच दारात रिकामी करते, मोजून घे." असं करून तू निभावलं. पण घरी आली की घागर ठेवल्याचा आवाज यायचा आणि मंग कितीतरी वेळ काहीच आवाज यायचा न्हाई. तेव्हा मी "ए" म्हणत नव्हते. भ्यायची मी. तू "काय बाई" म्हणशील आणि मंग मला काही बोलावं लागंल, म्हणून.

आणि मला? मला लोक अजून कागद आणून द्यायचे. "कौसामावशी, वाचून द्या." त्यातला एक म्हणाला, "तुम्ही असत्या तर अशी सही झालीच नसती." तू ओट्यावर वाती वळत बसली होती. वातीवरून नजरसुद्धा उचलली न्हाई.

एकदाच आपण बोललो. कापूस वेचताना. मागच्या दिवाळीनंतरची गोष्ट, तासाला तास, ओळीला ओळ लावून आपण दोघीच होतो. खिचडीचं काम गेल्यापासून तूच मला वेचणीला, खुरपणीला जोडीनं न्यायची. मुकादमाला म्हणायची, "आम्ही दोघी एक हाव. घ्यायचं तर दोघींना घे." माझा हात हळू, तर तुझ्या ओटीतला कापूस माझ्या गाठोड्यात टाकायची. त्या दिवशीबी टाकला आणि मला राहावलं न्हाई. मी म्हणलं, "द्वारके, मी सांगून टाकते सगळ्यांना. वाचलं मी होतं."

तू वेचायची थांबली न्हाई. "गप बसा, बाई."

"का गप बसू? तू तीन साल झालं ऐकून घ्यायलीस."

"माझं काय जातंय? मी अडाणीच. अडाण्यानं चूक केली तर लोक दोन शिव्या देतात न् विसरतात. तुमचं वाचणं हेच एक हाय तुमच्यापाशी. तेबी काढून घेतील. मंग तुम्हाला कोण विचारणार?"

"न विचारू दे."

"तुम्हाला सोसायचं न्हाई, बाई. मला ठाऊक हाय." आणि मंग थांबून म्हणली, "आणि शाळा तशीबी जाणारच होती. हा कागद न्हाई तर दुसरा आला असता. पोरंच न्हाईत तर सरकार कुणासाठी पैसे देणार?"

मी म्हणलं, "कशावरून? सत्तावीस झाली असती पोरं. अजून दोन साल निघाली असती. आरतीची चौथी तरी इथं झाली असती."

तू पुढच्या झाडाचा कापूस वेचायला लागली. हा आपला वाद अर्धाच राह्यला. तुझं खरं का माझं, आता कोण सांगणार? तुझं खरं असावं असं मला वाटतं, कारण मंग माझ्या अंगावरचं थोडं उतरतं. पण तू ते माझ्यासाठीच म्हणली होती, एवढं मला कळतं. मी त्या दिवशी आणखी भांडायला पाहिजे होतं. भांडले न्हाई. तू गप बस म्हणली आणि मला ते सोपं पडलं.

जालन्याच्या दवाखान्यात तुझ्या उशाशी मी दोन दिवस बसले. तिथंबी मनात तेच. आता बोलते, आता बोलते. नर्स बाहेर गेली आणि मी तुझा हात धरून म्हणलं, "द्वारके, तो कागद..." तू डोळे उघडले. समोरच्या भिंतीवर पाटी होती, तिकडं बघून बारीक आवाजात विचारलं, "बाई, तिथं काय लिवलंय?"

मी वाचलं, "शांतता राखा."

"मंग राखा की," तू म्हणली आणि ओठाच्या कोपऱ्यात हसली.

त्यानंतर तू माझ्याशी बोलली न्हाई.

तुझ्या तेरवीला माणूस बरंच जमलं. तुझा लेक दोन दिवस पायाला भिंगरी लावून होता. कीर्तन झालं आणि मंग आपल्याकडं रीत आहे तशी मोठी माणसं माईकवर दोन दोन शब्द बोलायला उठली. त्यात मोठ्या गावचे ते पुढारी. त्यांनी तुझं माहेर बदललं, तुझं वय वाढवलं, आणि शेवटी म्हणाले, "शाळेच्या बाबतीत त्यांच्या हातून एक चूक झाली, हे खरंय. अडाणीपणानं झाली. आज ही वस्ती ती शिक्षा भोगतेय. पण आज आपण सगळ्यांनी मोठ्या मनानं त्यांना माफ करू या."

माफ. द्वारके, तुला माफ!

मी उठले. आपल्याकडं तेरवीला बाई माईकवर जात न्हाई, पण मी गेले. कुणीतरी पदर ओढला माझा, बहुतेक सावंताच्या सुनेनं. मी सोडवून घेतला. त्या पुढाऱ्यानं माईक द्यावा का न्हाई असं बघितलं. मी तो घेतलाच. माझा आवाज असा फुटला की मलाच ओळखू येईना. मी म्हणलं, "तो कागद हिनं वाचला न्हाई, खरंय. कारण तो मी वाचला. मी वाचून 'सही कर' म्हणलं. मला शंका आल्ती, तरी मी विचारलं न्हाई. हिनं माझ्या सांगण्यावरून सही केली आणि तीन साल तुमच्या शिव्या खाल्ल्या. चूक माझी आहे. माफ करायचं का न्हाई ते माझं बघा, तिचं न्हाई."

मला वाटलं होतं, आता कुणी उठंल. कुणी म्हणंल, तोंड काळं कर. मी त्याच्यासाठी पाय रोवून उभी होते. खरं सांगते, मी त्याची वाट बघत होते.

कुणीबी उठलं न्हाई. मागून एक म्हातारा डोळे पुसत म्हणाला, "जावा जावा अशा पाहिजेत." दोन बाया मुसमुसायला लागल्या. आणि पुढाऱ्यानं माझ्या हातातून हळूच माईक घेतला आणि म्हणाला, "मंडळी, बघा ही माया! गेलेल्या जावेचा डाग स्वतःच्या अंगावर घ्यायला निघाल्या कौसामावशी. ज्यांना आख्खी वस्ती वाचून दाखवायला बोलावते, त्या म्हणतात मी चुकीचं वाचलं. हे मन कुठून आणायचं?"

मी म्हणलं, "अवो न्हाई, खरंच मी..." पण माईक तिकडं होता. आणि माझ्यापाशी दाखवायला काय होतं? कागदावर सही करणाराचं नाव असतं. वाचणाराचं कुठंच नसतं. झेरॉक्स आजबी तुझ्या ट्रंकेत आहे, तिच्यावर तू आहेस, ओळीच्या बाहेर जाऊन. मी कुठंच न्हाई.

पंगती बसल्या. मी आत तुझ्या खोलीत जाऊन बसले. आरती ताट घेऊन आली. ती आता पोरगी राह्यली न्हाई गं, मोठी दिसते. पाचवीत वढ्याच्या पुरापायी महिनाभर घरी बसली ती परत गेलीच न्हाई. तेरवीला आलेल्या पाहुण्यांत तिच्याकडं बघून दोघं-तिघं आपसात सोयरिकीचं बोलत होते, ते मला कळलं आणि तुझ्या लेकालाबी कळलं, आणि त्यानं त्यांना अडवलं न्हाई. मी तिला जवळ बसवलं. म्हणलं, हिला तरी कळू दे. तिचंच तर नुकसान झालंय.

"आरती, मी बाहेर बोलले ते सगळं खरं आहे बरं का. तुझ्या आजीची काही चूक नव्हती. माझी होती."

तिनं ताट माझ्यापुढं सरकवलं. मंग माझ्या पाठीवरून हात फिरवला, लहान लेकराच्या फिरवतात तसा.

"मोठी आजी, तुम्ही आजीसाठी बोललात ते बरं केलं. तिला बरं वाटलं असंल," ती म्हणाली. "पण माझ्यापाशी तरी खोटं बोलू नका. मला ठाऊक आहे, सही तिचीच होती."

आणि भाकरी मोडून तिनं माझ्या हातात दिली.